माझ्यापुरतं ठीक आहे, पण मुलांचं काय?





2019 सालचे जुलै आणि ऑगस्ट बेळगाव जिल्ह्यातला माणूस सहजासहजी विसरणार नाही. जुलैत आपल्या राज्यातले सत्ताधारी आघाडीचे आमदार राजीनामे देऊन मुंबईच्या हॉटेलात जाऊन बसले होते. त्यांत आपल्या जिल्ह्यातले गोकाक आणि अथणीचेही होते. 23 जुलैला कुमारस्वामींचं सरकार विश्वासठराव हरलं आणि 26 जुलैला येडियुराप्पांनी एकट्याने शपथ घेतली. मंत्रिमंडळ झालं ते 20 ऑगस्टला. मधले 25 दिवस राज्यात मुख्यमंत्री होते, पण एकही मंत्री नव्हता. नेमक्या त्याच दिवसांत घटप्रभा गोकाकात शिरली, मलप्रभा रामदुर्गात शिरली, कृष्णेने चिकोडी, अथणी, रायबागची गावं पाण्याखाली घातली. इकडे शहराजवळ बळ्ळारी नाल्याने शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातलं भात झोपवलं.

अधिकारी राबले, लष्कराचे जवान होड्या घेऊन आले, हे मान्यच आहे. पण जिल्ह्याला पालकमंत्री नव्हता. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाने गाऱ्हाणं कोणाकडे न्यायचं, याला उत्तर नव्हतं.

एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा पूर आला. 25 जुलैला मुख्यमंत्री पाहणीसाठी बेळगावात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. गावं चिखलात होती आणि सगळ्यांचं लक्ष बेंगळुरूत पुढचा मुख्यमंत्री कोण याकडे लागलं होतं.

मी राजकारणी नाही, एका मंडळीचा साधा सभासद आहे. 2019 च्या त्या दिवसांत आमच्या मंडळीच्या सभागृहात बायाबापड्या भाकऱ्या थापत होत्या, तरुण मुलं पुड्या बांधत होती. 2021 ला तेच सभागृह, त्याच भाकऱ्या. तेव्हा पुड्या बांधणाऱ्या एका मुलीने विचारलं, “अंकल, आपण दर दोन वर्षांनी हेच करत राहायचं का?” मी तिला काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. तिचा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. हे पत्र म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

मदत दिसते, बांध दिसत नाही

आधी साधा हिशेब बघू. पूर आला की सरकार दोन प्रकारची कामं करू शकतं. एक मदत: पंचनामा, नुकसानभरपाई, धान्याच्या पिशव्या, घर पडलेल्यांना रक्कम. 2019 मध्ये पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख रुपयांची घोषणा झाली होती. दुसरं काम पुढच्या पुराची तयारी: नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढणं, त्याची हद्द मोजून अतिक्रमण थांबवणं, जुनी तळी जिवंत करणं, नदीकाठची घरं उंचावर नेणं, पाणी सामावून घेणारी शिवारं रस्त्यासाठी आणि प्लॉटसाठी न देणं.

पहिलं काम लगेच दिसतं. चेक देतानाचा फोटो निघतो. दुसऱ्या कामाला दहा-वीस वर्षं लागतात आणि ते चांगलं झालं तर काहीच घडत नाही, म्हणजे पाणी चढत नाही. न घडलेल्या पुराचा फोटो कोण काढणार? ज्याची खुर्ची पुढच्या महिन्यात राहील की नाही याची खात्री नाही, तो दुसऱ्या कामाला हात कशाला घालेल? अस्थिर राजकारणाचा खरा तोटा हा आहे. त्या 25 दिवसांत मंत्री नव्हते हे वाईटच. त्याहून वाईट हे की, असल्या घडामोडींमुळे लांबच्या कामाला कोणी धनीच राहत नाही.

आणि हवामान कोणाच्या मंत्रिमंडळासाठी थांबत नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, असं विज्ञान सांगतं. म्हणून पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो आणि मधे ओढ देतो. 2023 मध्ये ती ओढही आपण बघितली. राज्यातले दोनशेहून अधिक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, त्यांत आपल्या जिल्ह्यातलेही होते. बळ्ळारी नाल्याकाठचा शेतकरी एका वर्षी बुडालेल्या भाताची दुबार पेरणी करतो आणि दुसऱ्या वर्षी ढगाकडे बघत बसतो. 2019 च्या पुरात जन्मलेलं मूल 2050 मध्ये 31 वर्षांचं असेल. आज नाला कोणी मोजला आणि कोणी मोजला नाही, याचं बिल त्याच्या नावावर निघणार आहे.

घाटाखालचे शेजारी

हे फक्त कर्नाटकात घडतं असं नाही. त्याच जुलै 2019 मध्ये, 10 तारखेला, गोव्यात काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची 1985 मध्ये घटनेत आली. तिच्यात अशी वाट आहे की, दोन-तृतीयांश आमदार एकत्र गेले तर ते पक्षांतर न मानता विलीनीकरण मानलं जातं. 15 चे दोन-तृतीयांश बरोबर 10. कायदा पाळूनच मतदाराचं मत फिरवलं गेलं.

पुढची गोष्ट आपल्याला, ख्रिस्ती माणसांना, जास्त लागायला हवी. जानेवारी 2022 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रूसाजवळ आणि बेतीच्या दर्ग्यात. सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या 11 पैकी 8 जण भाजपमध्ये गेले. त्यांच्यात आपल्या धर्माचेही होते. एका नेत्याने तर देवाला विचारूनच निर्णय घेतला असं सांगितलं. पक्ष कुठला सोडला आणि कुठला धरला हा माझा मुद्दा नाही. उद्या उलट दिशेनेही लोक जातील. ज्या क्रूसापुढे आपण गुडघे टेकतो, तो प्रचाराच्या फोटोला वापरला गेला. आणि आपण काय केलं? दोन दिवस हळहळलो.

आपलंही जरा बघू. आपल्या जिल्ह्यातल्या गोकाक, अथणी आणि कागवाडच्या आमदारांना विधानसभा अध्यक्षांनी अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढवायला मोकळीक दिली. 5 डिसेंबर 2019 ला मतदान झालं आणि गोकाक, अथणी, कागवाड या तिन्ही ठिकाणी तेच उमेदवार नव्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आले. पुराला चार महिने झाले होते. म्हणजे दोष फक्त हॉटेलात बसलेल्यांचा नाही. बोटाला शाई लावून घेणाऱ्यांचाही आहे.

स्थिर सरकार हेच उत्तर आहे का?

यावर बरेच जण म्हणतात, “मग एकाच पक्षाला भरपूर बहुमत द्या, सगळं सुरळीत होईल.” मला ते पुरेसं वाटत नाही. गोव्यातल्या लोहखनिजाचंच उदाहरण घ्या. 2012 मध्ये तिथे स्पष्ट बहुमताचं सरकार आलं. तरीही नव्या पट्ट्यांसाठी लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश 12 जानेवारी 2015 ला येण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण उरकून घेण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या घाईवर ताशेरे ओढत 7 फेब्रुवारी 2018 ला ती सगळी नूतनीकरणं रद्द केली. सरकार स्थिर होतं, पण नजर जवळचीच होती.

त्याच खाणींच्या प्रकरणात एक चांगलंही घडलं. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर 21 एप्रिल 2014 ला निकाल देताना न्यायालयाने सांगितलं की, काढलेल्या खनिजाच्या विक्रीतली 10 टक्के रक्कम एका कायमच्या निधीत टाकावी, कारण जमिनीखालची ही ठेव पुढच्या पिढ्यांचीही आहे. आमदार इकडून तिकडे गेले तरी तो आदेश हलला नाही.

ही कल्पना आपल्याला नवीन वाटायला नको. योसेफाने फारोला हेच सांगितलं होतं: सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात ठेव. तो सल्ला फारोच्या पुढच्या निवडणुकीसाठी नव्हता. अजून न आलेल्या वर्षांसाठी होता.

हिज्कीया राजाची दोन कामं

या सगळ्याचा विचार करताना मला सतत हिज्कीया राजा आठवतो. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला 20 वा अध्याय घरी काढून वाचा. हिज्कीया चांगला राजा होता, देवभीरू होता. त्याने यरुशलेमेत 29 वर्षं राज्य केलं. यापेक्षा स्थिर सरकार कुठलं? तो मरणाच्या दारी गेला, रडून प्रार्थना केली आणि देवाने त्याला आणखी 15 वर्षं दिली. मग बाबेलचे वकील भेटीला आले आणि त्याने मोठ्या हौसेने आपली सगळी भांडारं त्यांना दाखवली. यशया संदेष्ट्याने येऊन त्याला सांगितलं की, हे सगळं एक दिवस बाबेलला जाईल आणि तुझ्या वंशातल्या मुलांनाही धरून नेतील.

हिज्कीया यावर काय म्हणाला? त्याने वस्त्रं फाडली नाहीत, मुलांसाठी रडला नाही. परमेश्वराचं वचन चांगलंच आहे म्हणाला. मनात विचार असा की, निदान माझ्या हयातीत तरी शांतता राहील. स्वतःच्या मरणाची बातमी आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडणारा माणूस मुलांच्या गुलामीची बातमी ऐकून निवांत राहिला! पवित्र शास्त्र आपल्या लाडक्या राजांचंही लपवत नाही, ते असं.

पण त्याच अध्यायात पुढच्याच वचनात त्याचं दुसरं काम नोंदलेलं आहे. अश्शूरच्या राजाची फौज चालून येणार, वेढा पडणार, शहराला पाणी कुठून मिळणार, हे ओळखून हिज्कीयाने गीहोनच्या झऱ्याचं पाणी खडकातून भुयार खणून शहरात आणलं. ते भुयार आजही आहे, अर्ध्या किलोमीटरहून थोडं लांब. 1880 मध्ये त्यात एक कोरीव लेख सापडला. खणणारे दोन्ही टोकांकडून खणत आले आणि एकमेकांच्या हाका ऐकत मधे भेटले, असं त्यात लिहिलं आहे. राज्यावर इतकं मोठं संकट असताना केलेलं हे काम. हिज्कीया गेला, राज्य गेलं, खजिना खरोखरच बाबेलला गेला. पाणी मात्र वाहत राहिलं. सातशे वर्षांनी प्रभू येशूने एका जन्मांध माणसाच्या डोळ्यांना चिखल लावला आणि त्याला शिलोहाच्या तळ्यात जाऊन धुवायला सांगितलं, ते पाणी याच भुयारातून येत होतं.

माणूस एकच. त्याने लोकांना दाखवलेला खजिना परके घेऊन गेले आणि जमिनीखाली, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या जागी केलेलं काम आंधळ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचलं. मला यातून एवढंच कळतं: राज्य टिकेल की नाही हे आपल्या हातात नाही. आपल्या वेळेत काय खणायचं, हे आहे.

कॅथलिक बांधवांना पोप फ्रान्सिस यांचं 2015 चं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक माहीत असेल. त्यात पिढ्यांमधल्या न्यायावर वेगळा भाग आहे. पुढच्यांसाठी पृथ्वी नीट ठेवणं हा आपल्या मनाचा मोठेपणा नसून न्यायाचा प्रश्न आहे, असा त्याचा आशय आहे. प्रोटेस्टंट असो वा कॅथलिक, याबाबतीत आपल्यात मतभेदाला जागा नाही.

“प्रभू लवकर येणार, मग नाला कशाला?”

असं म्हणणारे आपल्यात आहेत आणि त्यांची श्रद्धा खरी आहे. त्यांना मी यिर्मयाची आठवण करून देतो. यरुशलेमेला वेढा पडलेला, स्वतः यिर्मया कैदेत, शहर पडणार हे त्यानेच सांगितलेलं. अशा वेळी त्याने अनाथोथातलं शेत 17 शेकेल रुपं मोजून विकत घेतलं आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावलं. शेवट जवळ आला म्हणून हात झटकायचे नसतात, हे संदेष्ट्याने पैसे मोजून दाखवलं.

दुसरे म्हणतात, “मंडळीने राजकारणात पडू नये.” कोणत्या चिन्हावर शिक्का मारा हे वेदीवरून सांगू नये, हे मलाही पटतं. पण आज आपण राजकारणात नाही असं थोडंच आहे? आपण आहोत, फक्त एकाच प्रश्नापुरते. डिसेंबर 2021 मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं, तेव्हापासून आपल्या घरात निवडणुकीच्या वेळी एकच चर्चा असते: आपल्याला कोण त्रास देणार नाही? ही भीती खोटी नाही. मराठी बोलणारे म्हणून सीमाप्रश्नाची वेदनाही आपल्या वाट्याला आहे, तीही खोटी नाही. पण भीती आणि अस्मिता यांतच आपलं सगळं मत खर्ची पडलं, तर पाण्याबद्दल विचारायला काही शिल्लक राहत नाही. उमेदवाराला हे चांगलं ठाऊक असतं. तो आपल्याला अभय देतो आणि नाल्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पाणी मात्र घरात शिरताना हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असं विचारत नाही. म्हणून पाण्याचा प्रश्न विचारताना आपण शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहू शकतो. आपल्यासारख्या लहान समाजाला याहून मोठं संरक्षण कुठलं?

आधी आपल्या अंगणात

दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःला विचारायला हवं. आमदार पक्ष बदलतात म्हणून आपण नावं ठेवतो. पण आपल्या कमिट्यांतले गट, वर्षानुवर्षं चाललेले कोर्टातले दावे, एका पाळकाची बदली झाली की अर्धवट सोडलेली कामं, ही अस्थिरता नाही का? जुन्या मिशन कंपाउंडच्या जमिनी आपण विकत घेतलेल्या नाहीत, त्या आपल्याला मिळाल्या. त्यावरची चिंचेची झाडं आणि विहिरी आजोबांच्या काळच्या. या भागातल्या अशा किती जमिनी विकल्या गेल्या, किती विहिरी बुजल्या, किती अंगणं सिमेंटने झाकली, ते आपल्याला ठाऊक आहे. वाडवडिलांचं वतन विकायला नकार देणारा नाबोथ आपण रविवारच्या शाळेत शिकवतो आणि सोमवारी अहाबाबरोबर व्यवहाराला बसतो. मीही अशा एका कमिटीत होतो आणि एका विहिरीवर स्लॅब टाकायच्या ठरावाला माझाही हात वर होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

माझ्या सूचना मोठ्या नाहीत.

एक, मंडळीची जागा विकायची असेल किंवा दीर्घ कराराने द्यायची असेल, तर तिशीच्या आतल्या सभासदांची वेगळी बैठक घेऊन त्यांची संमती आधी घ्यावी. ज्यांना पुढची पन्नास वर्षं काढायची आहेत, त्यांचा शब्द आधी.

दोन, प्रत्येक मंडळीने आपल्या आवारातली एक विहीर उपसावी आणि छपराचं पाणी तिच्यात सोडावं. सुगीच्या उपकारस्तुतीच्या अर्पणातला दहावा हिस्सा याच कामासाठी बाजूला ठेवावा, कमिटी बदलली तरी त्याला हात लावू नये.

तीन, पावसाळ्याआधी, पुरानंतर नव्हे, आपल्या तरुण संघाने बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांबरोबर जाऊन गाळ कुठे आहे, अडथळा कुठे आहे हे बघावं आणि महापालिकेला व जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावं. दरवर्षी, त्याच तारखेला. मंत्री असो वा नसो, अर्जावर पोच मिळते.

चार, निवडणुकीत जो कोणी मतं मागायला मंडळीत येईल, त्याला प्रार्थना जरूर द्यावी, पण क्रूसाजवळ शपथेचा कार्यक्रम करू देऊ नये. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: तुमची मुदत संपल्यानंतर उपयोगी पडेल असं कोणतं काम तुम्ही करणार आहात?

त्या मुलीला मी आज हे उत्तर देतो: भाकऱ्या थापणं थांबवायचं नाही, कारण भुकेल्याला भाकरी देणं हे प्रभूचंच काम आहे. पण भाकऱ्यांच्या जोडीला खणायलाही लागायचं. तू तुझ्या टोकाकडून सुरुवात कर, आम्ही म्हातारे आमच्या टोकाकडून येतो. एकमेकांची हाक ऐकू आली म्हणजे झालं.

आपला नम्र,
मंडळीचा एक सभासद, बेळगाव